पट्टीसाठी सात तुकडे

गिटार हातात घेतली की माणसं आधी पेटी बघतात. तिची कंबर, तिचं पॉलिश, मधल्या गोल भोकाभोवतीची नक्षी. बोटं ज्या लाकडावर जन्मभर फिरतात त्या पट्टीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मानेवर चिकटवलेली, हातभर लांब आणि तीन बोटं रुंद अशी ती पट्टी. धातूचे फ्रेट, म्हणजे सूर ठरवणाऱ्या आडव्या बारीक सळ्या, तिच्यातच रोवलेले असतात, तारा तिच्यावरच दाबल्या जातात, आणि घाम, तेल, नखं हे सगळं ती मुकाट्याने सोसते. अशा पट्ट्या करण्यात एका बाईंची एकतीस वर्षं गेली होती. वाजवणारे लोक त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणत. पेटी त्यांचे यजमान करत, म्हणून ते पेटीवाले. घरामागच्या लांबट खोलीत दोन खिडक्यांखाली दोन बाकं होती, एक त्यांचं, एक बाईंचं. "आवाज माझा, पण सूर हिच्या ताब्यात," असं पेटीवाले गिऱ्हाइकांना सांगत, आणि हे ते नक्की गिटारीबद्दलच बोलतायत ना, अशा नजरेने गिऱ्हाईक बाईंकडे बघे.

बाईंना हे काम सासऱ्यांनी शिकवलं. त्यांचं म्हणणं असं, की कोरडं लाकूड आपला खरा रंग दाखवत नाही. तेल लावल्यावर पट्टी कशी दिसेल ते आधीच बघायचं असेल तर रंधा मारलेल्या जागेवर जीभ फिरवायची. ओल्या जागी क्षणभर रंग उमलतो, रेषा वर येतात, तेवढ्यात बघून घ्यायचं. नव्या सुनेला हे बघून शिसारी आली होती. वर्षभरात तीही न बघता तुकडा तोंडापाशी न्यायला लागली. काळ्याभोर आबनुसाला काही चव नसते, शिसवी थोडी गोडसर आणि तिखट लागते, हे त्या डोळे मिटून सांगत. त्यांच्या लेकीला बापाने लहानपणी उरलेल्या शिसवीची बाहुली करून दिली होती. पोरीने ती पहिल्या दिवशीच चाटून बघितली. बाहुलीचं नाव ठकी पडलं, आणि पुढे पोरीचंही तेच पडलं.

ठकी शिकली, खुर्चीवरची बरी नोकरी धरली, आणि चार वर्षांपूर्वी ती सोडून आईच्या बाकाशी येऊन उभी राहिली. बाईंनी आकांडतांडव केलं नाही, पण आठ दिवस तिच्याशी धड बोलल्या नाहीत. एवढं शिकून-सवरून भुसा खायला आलीस का, एवढंच एकदा विचारलं. नवव्या दिवशी ठकीने एका तयार पट्टीवरून डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाली, सातवा फ्रेट वर आहे. बाईंनी तिच्यावर पोलादाची सरळ फूटपट्टी उभी ठेवून ती उजेडाकडे धरली. केसभर फट होती. ती त्यांच्या स्वतःच्या बोटाला लागली नव्हती. त्यानंतर त्यांचा विरोध कधी मावळला ते कुणालाच कळलं नाही. त्यांनीही ते कधी बोलून दाखवलं नाही.

मग आबनूस संपलं. शिसवीही मिळेनाशी झाली. त्यांचा लाकूडवाला जुना माणूस, घसा कायम बसलेला. तो म्हणाला, आता या मालाबरोबर परवान्यांचे इतके कागद फिरवावे लागतात की फळीपेक्षा कागदांचा गठ्ठा जाड होतो. त्याऐवजी त्याने सात परक्या लाकडांचे सात तुकडे सुतळीने बांधून दिले. कुठल्या कुठल्या दूरच्या जंगलांतली ती झाडं. प्रत्येकावर खडूने नाव लिहिलेलं होतं: पाऊ फेरो, कॅटालॉक्स, झिरीकोटे, ओव्हांगकोल, आणखी तीन. ती नावं घरात कुणाच्या जिभेवर बसेनात. त्या संध्याकाळी पेटीवाल्यांनी चहाचा कप हातात धरून सगळ्यांचं बारसं केलं. काळपट, जड कॅटालॉक्स तो काळुराम. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषांचं झिरीकोटे म्हणजे जाळी. तपकिरी, साधासुधा ओव्हांगकोल तो तपकिऱ्या. एक लालभडक होतं ते लाली, एकाच्या कडा बोटात घुसत ते कुसळ, एक करवतीला दाद देईना तो दगड. आणि पाऊ फेरोला लाकूडवाल्याने जावयासारखं वाखाणत आणलं होतं, म्हणून तो पाहुणा.

पाहुणा दिसायला देखणाच होता. कॉफीसारखा गडद, गुळगुळीत, शिसवीचा चुलतभाऊ शोभावा असा. बाईंनी त्याला बोटाच्या पेराने वाजवलं, नख रोवून बघितलं, जीभ लावली, आणि अर्ध्या तासात हाच म्हणून ठरवून टाकलं. एकतीस वर्षांत लाकडाच्या बाबतीत त्यांचा शब्द खाली पडला नव्हता. संगीतशाळेतल्या सरांची एक गिटार करायची होती आणि त्यांना पट्टी गडदच हवी होती, काळ्याच्या जवळ जाणारी. पाहुण्याची फळी मागवून चार पट्ट्या कापल्या. कापणं, तासणं, घासणं ठकीकडे.

तिसऱ्या आठवड्यात ठकीच्या पापण्या सुजल्या. बाईंनी आधी मोबाइलवर आळ घेतला, मग नव्या साबणावर, मग उशीच्या अभ्र्यावर. अभ्रे उकळत्या पाण्यातून काढले. साबण शेजारणीला देऊन टाकला. मनगटांवर पुरळ आलं तेव्हा घड्याळाचा पट्टा दोषी ठरला. खोलीतल्या सगळ्या वस्तूंची अशी झडती झाली, फक्त बाकावरच्या लाकडाची झाली नाही, कारण ते बाईंनी स्वतः पारखलेलं होतं. एका सकाळी ठकीने चौथ्या पट्टीवर रंधा मारला आणि सवयीने जीभ फिरवली. दुपारी जेवायला बसली तेव्हा वरचा ओठ मधमाशी चावल्यासारखा झाला होता. पेटीवाले ताटावरून उठले आणि त्यांनी रिक्षा बोलावली.

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भराभर लिहीत होत्या. ओठाला काय लागलं, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून त्यांचं पेन थांबलं.

"तुम्ही लाकूड चाटता?"

"हो," आई आणि लेक एकदमच म्हणाल्या, चहा घेता का असं विचारल्यासारखं.

"किती वर्षं?"

"मी एकतीस," बाई म्हणाल्या.

"मी पाच वर्षांची होते तेव्हापासून," ठकी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. शरीराने एखाद्या लाकडाशी एकदा वैर धरलं की ते सहसा सुटत नाही. पाहुण्याचा भुसा ठकीच्या वाऱ्यालाही नको. बाकीच्या परक्या लाकडांचं काय होईल ते आज सांगता येत नाही, आणि कदाचित हे कामच सोडावं लागेल. आधी कातडी शांत होऊ द्यायची, मग तीन आठवड्यांनी पाठीवर चाचणी घेता येईल. तीन लाकडांचा बारीक भुसा आणा, त्या म्हणाल्या, तीनच. प्रत्येक चाचणी म्हणजे कातडीला नवी ओळख करून देणं, आणि उगाच जास्त ओळखी वाढवून त्यातून नवी भांडणं उभी राहायला नकोत.

परतताना रिक्षात, मी हे काम सोडणार नाही, एवढं ठकी एकदा बोलली. बाई बाहेर बघत राहिल्या. चार वर्षांपूर्वी पोरीने हे काम करू नये म्हणून त्यांनी आठ दिवस अबोला धरला होता. आज तेच काम तिच्या हातून जाऊ नये म्हणून काय करता येईल, याचा त्या हिशोब मांडत होत्या.

घरी पेटीवाल्यांनी जेवताना विषय काढला. मशीनवर कापलेल्या तयार पट्ट्या मिळतात, त्या बसवू. ठकीने गिऱ्हाइकांशी बोलावं, तारा लावाव्यात, मापं घ्यावीत. ठकी शांतपणे पाणी प्यायली.

"म्हणजे मी इथे काय करू, बाबा? झाडू मारू? त्यातही भुसाच आहे."

पेटीवाल्यांनी तो विषय तिथेच सोडला.

आता घोडं अडलं होतं ते निवडीवर. पाहुणा बाद. उरले सहा, त्यातून तीन काढायचे. बाईंनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. प्रत्येक तुकड्यात फ्रेटची खाच पाडायची, फ्रेटची तार ठोकून बसवायची, पक्कडीने ओढून काढायची आणि लाकडाने तिला किती घट्ट धरलं होतं ते बघायचं. लालीच्या भुशाने बोटं कुंकवात बुडवल्यासारखी झाली. सरांच्या पांढऱ्या शर्टाचं काय होईल ते दिसतच होतं. कुसळाच्या सालपटाने बाईंच्या अंगठ्यात घर केलं, ते सुईने काढावं लागलं. दगडाने करवतीचे दात बोथट केले आणि त्याच्या पिवळट भुशाने पलीकडच्या बाकावरचे पेटीवाले अकरा वेळा शिंकले. राहिले काळुराम, जाळी आणि तपकिऱ्या. काळुराम तर बाईंच्या मनातच भरला. जवळजवळ काळा, पोलादासारखा, ठोकलेली तार जीव गेला तरी सोडेना. जाळी सुंदर होती. तपकिऱ्या मध्यम कठीण, मध्यम रंगाचा, तक्रार करण्यासारखं काही नाही आणि कौतुक करण्यासारखंही नाही. डॉक्टरीणबाईंना तीन हवे होते, म्हणून तो तिसरा.

पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. पोरीच्या पाठीला लावण्याआधी आपण बघावं, असं त्यांनी मनाशी घेतलं. कोपराच्या आतल्या मऊ बाजूला चिमूटभर भुसा, वर ओला कापूस, वर चौकोनी चिकटपट्टी. दोन दिवस एक लाकूड, मग दुसरं. त्यांचा हिशोब साधा होता. पोर आपल्या पोटची, नाक आपलं, केस आपले, रागही आपलाच. मग कातडी काय परकी असणार? आपल्याला सोसलं तर तिलाही सोसेल. बाद केलेल्यांसकट सहाही लाकडं झाली, आणि काळुराम लाडका म्हणून तीनदा. काहीच उठलं नाही. बाईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, कारण लोक उगाच नावं ठेवतील हे त्यांना माहीत होतं.

चाचणीच्या दिवशी ठकीच्या पाठीवर तीन लाकडांच्या भुशाच्या तीन छोट्या चौकोनी चिकटपट्ट्या लावल्या गेल्या. दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नव्हतं. दोन दिवसांनी त्या काढल्या, आणि ठकीला स्वतःची पाठ दिसत नसल्यामुळे ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. बाई मागे उभ्या होत्या. सगळ्यात वरचा चौकोन लालभडक होता आणि त्यावर मोहरीएवढे फोड आले होते. ती जाळी. खालचे दोन्ही स्वच्छ. बाई वाकून तिन्ही चौकोन पुन्हा बघू लागल्या.

"आई, बोल ना."

"एक गेलं," बाई म्हणाल्या. "दोन आहेत."

आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघितलं, तेच होतं. डॉक्टरीणबाईंनी आज लाल नाही म्हणजे कधीच होणार नाही असं समजू नका म्हणून बजावलं. मास्क, पूर्ण बाह्या, भुसा ओढणारं यंत्र, आणि जीभ तोंडात. बाईंनी सगळ्याला मान डोलावली. घरी जाताना बाईंनी लाकूडवाल्याला काळुरामच्या दोन फळ्या सांगून टाकल्या.

सरांची पट्टी काळुरामची सुरू झाली. भुसा उडवणारं काम बाईंनी आपल्याकडे घेतलं. ठकीने फक्त शेवटचं घासायचं आणि फ्रेट बसवायचे. सगळं सुरळीत लागलं असं वाटत होतं. ऊन तापायला लागलं, खोलीतला पंखा दिवसभर फिरायला लागला, आणि पूर्ण बाह्या ठकीला सांगितलेल्या असताना बाईच तसला ब्लाउज घालून येऊ लागल्या. त्यातही बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. थंडी वाजते का, असं पेटीवाल्यांनी एकदा विचारलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग एके दिवशी बाईंच्या बाहीचं टोक सरसात बुडालं, आणि तरी त्यांनी बाही वर केली नाही. त्या तशाच चिकट बाहीने काम करत राहिल्या. ठकी हातातली कानस ठेवून आली आणि तिने सरळ बाही कोपरापर्यंत सारली.

कोपराच्या आत लाल, खाजवून खाजवून ओला झालेला डाग होता. त्याच्या कडा सरळ होत्या. मनगटावर पुरळ होतं.

"कधीपासून?"

"काही नाही गं. डास चावला."

"डास चौकोनी चावतो?"

पलीकडच्या बाकावर रंधा थांबला. बाईंनी बाही खाली ओढायला घेतली, ठकीने ओढू दिली नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कापूस, चिकटपट्टी, दोन-दोन दिवस, काळुराम तीनदा. पुढचे आठवडे त्याचाच भुसा अंगावर, आणि त्याने ती जुनी जागा उशिरा पेटली. ठकी ऐकत होती आणि तिचा चेहरा पडत गेला.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? काळुरामही गेला असता. मग राहिलं काय?"

"तपकिऱ्या राहिला."

"त्याला कोण विचारतंय. सरांना काळी हवी आहे."

"सरांचं राहू दे. मला इथे ठेवायला तू स्वतःला इथून घालवायला निघालीस," ठकी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मग मी या बाकाशी कुणाबरोबर बसू?"

बाईंनी ओढत असलेली बाही सोडून दिली. पेटीवाल्यांनी उठून काळुरामची अर्धी झालेली पट्टी उचलली, कागदात गुंडाळली, सुतळी बांधली आणि दाराशी ठेवली. लाकूडवाला येईल तेव्हा न्यायला. उरलेली अख्खी फळीही शेजारी. 

डॉक्टरीणबाईंनी बाईंचा हात दिव्याखाली धरला आणि डागाच्या कडा चाचपल्या. मग म्हणाल्या, मी ज्या भांडणाला घाबरत होते ते तुम्ही स्वतःच्या अंगावर उकरून काढलंत. आई आणि लेकीची कातडी एक नसते, हेही त्यांनी सांगितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या. एकतीस वर्षं आबनुसाने आणि शिसवीने त्यांना काही केलं नव्हतं, त्यामुळे लाकूड आपल्या ओळखीचं आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. तपकिऱ्याचं काय, असं त्यांनी शेवटी विचारलं. त्याच्या चौकोनाची दोघींच्या अंगावर खूणही उरली नव्हती.

असा तपकिऱ्या आत आला. नखाने, आवाजाने, रंगाने तो पहिला आला नव्हता. दोघींना सोसला, एवढीच त्याची लायकी ठरली. पण कामाला लागल्यावर त्याची ओळख वेगळी निघाली. रंधा त्याच्यावरून न अडखळता जाई. फ्रेट पहिल्या ठोक्यात बसत. भुसा जड होता, उडायच्या आधी खाली पडे. तेल लावल्यावर तपकिरीत गडद रेषा उमटत, एखाद्या जुन्या टेबलासारख्या. पेटीवाल्यांनी तयार पट्टी खिडकीपाशी नेऊन बघितली आणि हा दिसतो तेवढा बावळट नाही, एवढं मान्य केलं.

सर ठरल्या दिवशी आले. गिटार हातात घेतली, पट्टीवर अंगठा फिरवला.

"ही काळी नाही."

बाईंनी रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं, की हिचा सूर कसा गोड, ही उन्हात कशी वाकत नाही, ते त्यांच्या ओठांवर आलं. त्याआधी ठकी बोलली.

"नाही, सर. गडद लाकडांतलं एक मला सोसत नाही, एक आईला. हे दोघींना सोसतं."

सरांनी दोघींच्या हातांकडे बघितलं. बाईंच्या मनगटावर अजून खुणा होत्या. रंगवून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मिळेल, पण रंग तुमच्या बोटांवर उतरेल, असं ठकीने सांगितलं. मग ते स्टुलावर बसले आणि अर्धा तास वाजवत राहिले. ते सरळ गाणं नव्हतं, वर-खाली, वर-खाली, पायऱ्या चढल्यासारखं, प्रत्येक फ्रेटवर थांबून. कुठेही बोट अडलं नाही. शेवटी त्यांनी गिटार खोळीत ठेवली, आणि डोळ्यांना थोडी सवय करावी लागेल, असं म्हणून ते घेऊन गेले. नंतर आलेल्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी तपकिरी पट्टी नको म्हणून दुसरीकडे तोंड वळवलं. बाईंना त्याचं वाईट वाटलं. ठकीला थोडं कमी.

आता त्या खोलीत बाकावर पाण्याची एक वाटी असते आणि तिच्यात एक जुना रंगाचा ब्रश. बाई रंधा मारलेला तुकडा अजूनही तोंडापाशी नेतात, तिथे थांबतात, आणि मग वाटीकडे हात वळवतात. दर शनिवारी काम सुरू होण्याआधी दोघी बाह्या वर करून हात बाकावर ठेवतात, खिडकीच्या उजेडात, चारी मनगटं वर. पेटीवाले चष्मा लावून शाळेत नखं तपासणाऱ्या मास्तरासारखे एकेक हात उलटापालटा करून बघतात. ठकी हसते. बाई हसत नाहीत. त्या स्वतःच्या हाताकडे नाही, लेकीच्या हाताकडे बघत असतात.

"पास," पेटीवाले म्हणतात. "पुढच्या शनिवारपर्यंत."

मग दोघी बाह्या खाली करतात आणि तपकिऱ्याची नवी फळी बाकावर घेतात.